पासष्ट वेळा

आमच्या घरात 'बरोक' हा शब्द चार प्रकारे उच्चारला जातो. मुलगी 'बारॉक' म्हणते, कारण ती जर्मनीत राहते. आमचे हे 'बराक' म्हणतात, मुद्दाम. लातूरची वहिनी 'बारीक' म्हणते ("ताई, तुमचं ते बारीक संगीत लावा की!"), आणि आई कुठलाच शब्द न वापरता 'तुझं ते टुंगटुंग' म्हणते. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ आहे वेडावाकडा मोती. तेव्हा चारही उच्चार खपून जायला हरकत नाही.

तर या वेड्यावाकड्या मोत्याच्या नादाला मी लागले कशी आणि लातूरच्या गच्चीवर एका कोजागिरीला तोंडघशी पडले कशी, ते आज सांगायचंय. नातेवाइकांपैकी काहींना शेवट माहीत आहे. त्यांनी कृपया मधे बोलू नये.

सुरुवात लाइपझिगची. मुलीकडे दोन महिने राहायला गेले होते. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० साली वारला तोपर्यंत, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षं, त्याच गावात होता. साहजिकच तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर त्याचं नाव. एका संध्याकाळी मुलगी मला एका छोट्या सभागृहात घेऊन गेली. मी मनाची तयारी करूनच बसले होते, दीड तास झोप आवरायची आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या. पाश्चात्त्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

पाच वादक होते. दोन व्हायोलिनं, गुडघ्यांत धरून वाजवायची सारंगीची थोरली बहीण वाटावी अशी व्हिओला द गांबा, माणसापेक्षा उंच मानेचं थेओर्बो, आणि हार्प्सिकॉर्ड. हे दिसतं पेटी-पियानोच्या घराण्यातलं, पण आत पट्टी दाबली की तार छेडली जाते. (टुंगटुंग ते हेच.) हातात एक कागद दिला होता. मुलीने वाचून दाखवला. त्या दिवशीच्या कार्यक्रमाचा विषय होता 'प्राणी'.

आणि मंडळी, मी दीड तास जागी राहिले! बीबर नावाच्या संगीतकाराच्या एका सोनाटात व्हायोलिन कोकिळा होतं, बेडूक होतं, कोंबडा-कोंबडी होतं, आणि मांजरसुद्धा. विवाल्डीच्या 'चार ऋतूं'मधल्या वसंतात गुराखी झोपलाय आणि त्याचा कुत्रा भुंकतोय. कुत्र्याचं काम एकट्या व्हिओलाकडे, एकच सूर दोनदा, भू-भू, शेवटपर्यंत. हे मी माझ्या मनाने ठरवत नव्हते. विवाल्डीने १७२५ साली हे छापलं तेव्हा प्रत्येक ऋतूबरोबर एक कविता दिली आणि कुठे काय चाललंय ते स्वरलिपीतच लिहून ठेवलं.

बाहेर पडल्यावर मुलीने विचारलं, "कळलं का काही?" मी म्हटलं, "अगं, हे तर कीर्तन आहे."

ती हसली, पण मी गंमत करत नव्हते. आमच्या मराठवाड्यात लहानपण गेलेल्याला हे सांगावं लागत नाही. नारदीय कीर्तनात बुवा एक अभंग घेऊन उभे राहतात. पूर्वरंगात त्याचं निरूपण करतात, मधे नामाचा गजर होतो, बुक्का लागतो, मग उत्तररंगात आख्यान. बुवा कुठेही जावोत, भारतात, भागवतात, शेजारच्या गावच्या पाटलाच्या गोष्टीत, पण फिरून त्या अभंगाशी येतात. त्यामुळे ज्याला राग कळत नाही, ताल कळत नाही, तोही रात्री बारापर्यंत बसतो. विषय त्याचं बोट धरून असतो. त्या जर्मन कागदाने माझं बोट तसंच धरलं होतं.

मग लक्षात आलं की आपण सगळे असेच तर ऐकायला शिकलो. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी झाली. त्या छप्पन्न गाण्यांत किती राग येऊन गेले ते घराघरांत कुणी मोजलं नाही, पण कानांत सगळे राहिले. कुमार गंधर्वांनी तर अख्ख्या मैफली विषयावर बांधल्या. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत', कबीर-सूरदास-मीरा यांची 'त्रिवेणी', 'मला उमजलेले बालगंधर्व'. आणि नांदेडकरांना आणखी एक शाळा फुकट मिळाली आहे, ती सचखंड गुरुद्वाऱ्याची. गुरू ग्रंथसाहेबातल्या वाणीची मांडणीच मुळी रागांप्रमाणे आहे, एकतीस मुख्य राग. पहाटे 'आसा दी वार' सुरू झाली की शब्द कळोत न कळोत, ही वेळ कुठली ते कळतं.

लाइपझिगहून परतताना मी बाखची एक गोष्टही पदराला बांधून आणली. १७०५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो आर्नस्टाटहून ल्यूबेकला चालत गेला. सुमारे चारशे किलोमीटर! साधारण नांदेडहून पुण्याला निघाल्यासारखं. कशासाठी, तर बुक्सटेहुडे नावाच्या म्हाताऱ्या ऑर्गनवादकाला ऐकण्यासाठी. तिथल्या चर्चमध्ये नाताळाच्या आधी संध्याकाळच्या मैफली व्हायच्या, गावातले व्यापारी खर्च उचलायचे आणि लोक फुकट ऐकायचे. म्हणजे आपल्या बंदाघाटावरच्या दिवाळी पहाटेसारखंच, फक्त गोदावरीऐवजी बर्फ. बाखने रजा घेतली होती चार आठवड्यांची, परतला जवळपास चार महिन्यांनी. वरिष्ठांनी झाडलं. वारीला गेलेला माणूस वेळेवर परत येतो होय!

असो. नांदेडला आल्यावर मी आमच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा ऐकायची बैठक सुरू केली. या संगीताला 'चेंबर म्युझिक' म्हणतात, म्हणजे शब्दशः खोलीतलं संगीत. आपल्या भाषेत घरगुती बैठक. आता थेओर्बो घेऊन तरोड्याला येणार कोण, तेव्हा वादक सगळे स्पीकरमधले. पण सतरंजी खरी, चहा खरा, आणि माणसं सहा-सात. मी कागद करायची. वर विषय, खाली क्रम.

पहिला विषय 'प्राणी', चक्क चोरलेला. दुसरा 'कॉफी'. बाखने कॉफीचं वेड लागलेल्या मुलीवर एक गमतीदार कँटाटा लिहिला आहे, आणि लाइपझिगात त्सिमरमन यांच्या कॉफीहाऊसमध्ये तो विद्यार्थ्यांना घेऊन मैफली करायचा. त्या दिवशी चहाऐवजी कॉफी केली. तिसरा विषय 'आजारपण'. हा भलताच रंगला. माराँ मारे या फ्रेंच गांबावादकाने १७२५ साली चक्क मुतखड्याच्या शस्त्रक्रियेवर एक रचना छापली आहे. भूल नव्हती त्या काळातली शस्त्रक्रिया! संगीताबरोबर वाचायची वाक्यंही दिली आहेत. ती सामग्री बघून रोग्याला कापरं भरतं, त्याला रेशमी दोऱ्यांनी बांधतात, चिरतात, खडा निघतो, रक्त वाहतं, उचलून खाटेवर नेतात. आणि मग बरं वाटल्याचे नाच. मी मराठीत वाक्यं वाचली. आमच्या भागात मुतखडा हा घरोघरचा विषय. बैठकीतले एक निवृत्त डॉक्टर डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, "क्रम बरोबर आहे हो, अगदी बरोबर."

इथपर्यंत सगळं छान होतं. पण खरं सांगायचं तर मला गर्व झाला. विषय काढणं मला फार सोपं वाटायला लागलं. 'वारा', 'पत्रं', 'बाजार'. नाव जुळलं की घाल कागदावर. उत्तम रचना असली आणि विषयात बसत नसली की बाहेर, आणि सामान्य असली पण नाव जुळत असलं की आत. लोक कागदावर खूश होते. मीही.

मग लातूरहून दादाचा फोन आला. "या कोजागिरीला आमच्याकडे कर की तुझी बैठक. आई पण ऐकेल."

कोजागिरी म्हणजे जागरण. विषय सुचायला अर्धा मिनिटही लागला नाही. 'रात्र'! सामग्री तर भरपूर. बीबरचं १६७३ सालचं एक सेरेनेड आहे, त्यात तंतुवाद्यं वाजत असताना एक खर्जातला आवाज येतो, रात्रीचा गस्तवाला. किती वाजले ते सांगतो, दिवे आणि विस्तव सांभाळा म्हणतो, निघून जातो. बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स आहेत, ज्यांच्याबद्दल झोप न येणाऱ्या सरदाराची गोष्ट सांगतात. (ती गोष्ट बाखच्या पश्चात, १८०२ सालच्या चरित्रात आली आणि अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण कोजागिरीला चालते.) आणि विवाल्डीचा 'ला नोत्ते', म्हणजे रात्रच. बासरी आणि साथीला तंतुवाद्यं. त्यात एका भागाला नाव आहे 'भुतं' आणि एकाला 'झोप'.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने निघाले ते कागदाच्या दहा प्रती पर्समध्ये घेऊन. वाटभर मनातल्या मनात निरूपण चालू होतं. त्या रस्त्यावरून इतकी वर्षं जातेय, आणि लातुरात 'रात्र' म्हटल्यावर काय होतं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तुमच्यापैकी बाहेरगावच्यांसाठी सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आता धाराशिव) हे दोन जिल्हे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती विसर्जन करून दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरंच माणसांवर आली. हजारो माणसं गेली. आईचं माहेर किल्लारीजवळच. मामा आणि मामी त्यांत गेले.

आई याबद्दल बोलायची नाही. मामाचा विषय निघाला तर त्याच्या लहानपणाचा निघायचा, विहिरीत उड्या मारायचा वगैरे. त्या रात्रीचा कधीच नाही. आणि आम्हीही विचारलं नाही.

गच्चीवर सतरंज्या, चंद्र, आटीव दूध. भाच्याने आईची खुर्ची वर आणून ठेवली होती. वय ब्याऐंशी, हातात माळ. शेजारची पाच-सहा माणसं. गस्तवाला आवडला. "आपल्याकडे पण हिंडायचे की, जागते रहो करत," शेजारच्या काकू म्हणाल्या. गोल्डबर्गच्या सुरुवातीला आईने डोळे मिटले. मग मी 'ला नोत्ते' लावला. भुतांच्या वेळी भाच्याने आवाज काढून दाखवला, सगळे हसले. आणि मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आता झोप येईल."

'झोप' हा भाग फार हळू आहे. तार दबून वाजते, सूर लांबच लांब धरलेले, जवळजवळ हलत नाहीत. गच्चीवर सगळे गप्प. आईचा माळेवरचा हातही थांबला होता. आणि मग काही कळायच्या आत शेवटचा भाग सुरू होतो, झपाट्याने, सगळी वाद्यं एकदम.

आईने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. दूध सांडलं. "बंद कर," ती म्हणाली. "बंद कर ते."

मी बंद केलं. वहिनी पाणी आणायला धावली. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "झोप येईल म्हणून सांगितलीस. झोपेनंतर काय येतंय ते नाही सांगितलीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला जास्त लागलं. कागदावर ते लिहिलेलं होतं, 'झोप' च्या खाली, पण नुसतं 'शेवटचा भाग' एवढंच. त्याला नाव नव्हतं, म्हणून मी त्याबद्दल काही बोलले नव्हते. माझ्या विषयात बसत नव्हता ना तो.

भाचा एकोणीस वर्षांचा. तो म्हणाला, "आजी, काय झालं?" आणि आईने त्याला सांगितलं. आम्हाला नव्हे, त्याला. मामाने संध्याकाळी विसर्जनात लेझीम खेळली होती. खबर आली तेव्हा दादाच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, जीप मिळवली. गावात पोचल्यावर घर ओळखू येईना, सगळीकडे एकाच रंगाची माती. शेवटी लिंबाच्या झाडावरून ओळखलं. "लिंब उभा होता," आई म्हणाली. "त्याला काहीच झालं नव्हतं." मग तिने एवढंच म्हटलं की पुढे थंडी पडेपर्यंत लातुरात लोक बाहेर झोपायचे, आणि त्या वर्षीच्या कोजागिरीला अख्खी गल्ली अंगणात होती, पण दूध कुणी केलं नाही.

कुणीच काही बोललं नाही. मी स्पीकर पिशवीत ठेवायला लागले.

"आता असं अर्धवट सोडू नको," आई म्हणाली. "कीर्तन असं मधे सोडत नसतेत. काहीतरी लावून संपव."

माझ्याकडे एक रचना होती. रात्रीच्या कागदावर नव्हती, कारण नावात रात्र नव्हती. बीबरच्याच 'रोझरी' सोनाटांमधली शेवटची. रोझरी म्हणजे ख्रिस्ती जपमाळ. माळेच्या पंधरा प्रसंगांवर पंधरा सोनाटा, आनंदाचे पाच, दुःखाचे पाच, वैभवाचे पाच. बहुतेक सोनाटांत व्हायोलिनच्या तारा वेगवेगळ्या सुरांना लावून घ्याव्या लागतात. आणि सगळं झाल्यावर सोळावी, एकट्या व्हायोलिनची. साथीला कुणी नाही. हस्तलिखितात तिच्यापाशी चित्र आहे, लहान मुलाला हाताशी धरून नेणाऱ्या देवदूताचं.

या वेळी मी आधी सगळं सांगितलं. "आई, चार सूर आहेत. सा, कोमल नी, कोमल ध, प. असे उतरत येतात. पासष्ट वेळा येतील. मधे मधे व्हायोलिन फार पळेल, जोरात होईल, पण ते चार सूर खाली राहतील. जाणार नाहीत. आठ-नऊ मिनिटांनी संपेल, आणि हळू संपेल."

"लाव," ती म्हणाली.

चौथ्या-पाचव्या आवर्तनाला भाचा ताठ बसला. तो तीन वर्षं तबला शिकलाय. "आत्या, हा तर लेहरा आहे!" तो कुजबुजला. लेहरा म्हणजे तबलजी एकटा वाजवतो तेव्हा पेटीवर किंवा सारंगीवर तीच एक ओळ पुन्हा पुन्हा चालू ठेवतात ती. तबलजीने काहीही करावं, लेहरा समेवर वाट बघत असतो. त्याच्याकडे कुणी कान देऊन बसत नाही, पण तो थांबला तर सगळं कोसळेल.

पोरगं पटकन बोलून गेलं आणि मला वर्षभरातल्या माझ्या सगळ्या कागदांचा दोष कळला. विषय मी मथळ्यासारखा वर लावत होते. त्याची जागा खाली असते, लेहऱ्यासारखी. त्याने संगीताला नाव द्यायचं नसतं, वाजवणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने दूर जावं आणि परत यायला जागा असावी एवढंच त्याचं काम. बुवांचा अभंग तेच करतो. बुक्सटेहुडेला हे पक्कं ठाऊक असणार. बाख तिथे होता त्या १७०५ च्या डिसेंबरात त्याने दोन खास मैफली केल्या, एक वारलेल्या सम्राटाच्या शोकाची, एक नव्या सम्राटाच्या स्वागताची. शोकाची संध्याकाळ आधी, स्वागताची दुसऱ्या दिवशी. मधे एक रात्र ठेवली होती माणसाने. मी मात्र भुतं, झोप आणि आटीव दूध एकाच तासात उरकायला निघाले होते.

आणि तरीही, हेही खरं की तो चुकीचा कागद नसता तर आई बोलली नसती. याचं श्रेय मी घेऊ शकत नाही. पण भाच्याला आता त्या लिंबाच्या झाडाची गोष्ट माहीत आहे. दिवाळीत आजीला घेऊन तो तिकडे जाऊनही आला.

व्हायोलिन संपलं. हळूच संपलं, सांगितल्याप्रमाणे. चंद्र पार डोक्यावर आला होता आणि दुधावर जाड साय धरली होती. आईचा हात माळेवर होता.

"भरले का पासष्ट?" मी विचारलं.

"मोजत होते की. पण त्या पळण्याच्या नादात मधेच चुकले बाई मी," आई म्हणाली. "उद्या सकाळी परत लाव."